नाना राऊळांच्या वाट्या

आमच्या काळाचौकीच्या चाळीत भर मे महिन्यात पंखा बंद ठेवणारं एकच घर होतं, आणि ते काही गरिबीमुळे नव्हे. त्या दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध पाच बाय चार फुटांचा एखादा थोर पुरुष आडवा पडलेला असायचा, रांगोळीत. पंखा लावला असता तर त्याच्या मिशा उडून पलंगाखाली गेल्या असत्या.

"नाना, उकडत नाही तुम्हाला?" मी एकदा उंबऱ्यातून विचारलं. आत पाय ठेवायला जागा नव्हतीच.

"मला उकडतं," नाना राऊळ म्हणाले, "त्याला उकडत नाही. काम त्याचं चाललंय."

वामन राऊळ ऊर्फ नाना व्यक्तिचित्रांची रांगोळी काढत. दगडाची रंगीत पूड चिमटीतून सोडत सोडत जमिनीवर फोटोसारखा चेहरा उभा करायचा, असा हा उद्योग. दिवाळीत आमच्याकडे शाळांच्या हॉलमध्ये याची प्रदर्शनं भरतात. लोक दोरीच्या बाहेरून रांगेने फिरतात आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे "अगदी आता बोलेल असं वाटतं" असं एकमेकांना सांगतात. नाना दोरीच्या आत उकिडवे बसून ऐकत. "बोलला तर पहिला मी पळेन," असं पुटपुटत. उद्घाटनाला पाहुणे येत आणि दर वर्षी एका तरी पाहुण्याचा पाय एखाद्या देशभक्ताच्या कानावर पडे. पाहुण्याला काही बोलता येत नसे. नाना खाली बसून नवा कान घालत आणि म्हणत, "चेहरा कितीही मोठ्या माणसाचा असू दे, रांगोळी किलोवरच मिळते."

सत्कारात मिळालेल्या शाली त्यांनी ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्यातली एकही थंडीत कामाची नाही, अशी राऊळ काकींची तक्रार होती. काकी म्हणजे मालतीबाई, नानांच्या पत्नी. रांगोळीच्या कडेने, भिंतीला पाठ लावून, हातात आमटीचं पातेलं घेऊन त्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत सरकत जात. "लग्न करून आले तेव्हा मी सरळ चालत होते हो," त्या सांगत.

नानांचा खरा अभिमान हाताचा नव्हता, डोळ्याचा होता. तरुणपणी ते गिरणीच्या रंगखात्यात होते. कापडाचा तुकडा खिडकीशी धरून रंग नमुन्याशी जुळला की नाही हे सांगायचं, हे त्यांचं काम. यंत्राने नाही, डोळ्याने. गिरणी बंद पडली, पण तो डोळा नानांनी सोबत आणला. चाळीत कुणाच्या मुलीसाठी साडीला मॅचिंग ब्लाउजपीस आणायचा असला, तरी तुकडा आधी नानांच्या दारी यायचा. ते लांब धरून म्हणत, "नाय. ह्या लालात थोडा पिवळा आहे, त्या लालात नाही." दुकानदार हरायचा. "नाक कुणालाही जमतं," ते मला सांगत, "गाल जमला पाहिजे. गालात आठ रंग असतात."

गालाचे हे रंग काकी कालवत. कालवलेले रंग त्या स्टीलच्या आठ वाट्यांमध्ये भरून फिकटापासून गडदापर्यंत, डावीकडून उजवीकडे, एका ओळीत मांडत. नाना वाट्यांवरून नजर फिरवत आणि मान हलवत. आचाऱ्याच्या हाताखालच्या बाईने चिरलेल्या कांद्याला आचारी मान हलवतो, तशी.

लॉकडाऊन लागला आणि चाळीच्या फाटकाला बांबू बांधले गेले. नानांचा मुलगा बदलापूरला अडकला. चाळीतल्या निवृत्तांनी घरात बसून छंद शोधायला सुरुवात केली. कुणी तबला बाहेर काढला, कुणी कविता सुरू केल्या. कवितांचा संसर्ग आजारापेक्षा लवकर पसरला. नानांना छंद शोधायचा नव्हता, टिकवायचा होता. त्यांचा डावा डोळा गिरणीतल्या रसायनाने केव्हाच अधू केला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं होतं, पण रुग्णालयातून फोन आला की हे तातडीचं नाही, पुढे बघू.

"त्यांच्यासाठी तातडीचं नाही," नाना म्हणाले. "डोळा गेला तर मी कोण रे? पत्ते पिसणारा म्हातारा. चाळीत तसे आधीच चार आहेत."

आणि ते पुन्हा उकिडवे बसले. एक चेहरा पुरा झाला की मला हाक यायची, कारण माझ्या फोनचा कॅमेरा बरा होता. स्टुलावर चढून मी फोटो काढायचा, तो नानांच्या प्रदर्शनवाल्या मित्रांना पाठवायचा, मित्रांनी अंगठे पाठवायचे, आणि दुसऱ्या दिवशी नानांनी तो थोर पुरुष झाडूने सुपात भरायचा. असे तीन थोर पुरुष झाले.

मग संतोष आला. संतोष म्हणजे आमच्या वॉर्डातल्या एका माजी नगरसेवकांचा कार्यकर्ता. साहेब माजी असले तरी त्यांना पुन्हा आजी व्हायचं होतं. संतोषच्या हातात धान्याची पिशवी होती, पिशवीवर साहेबांचा फोटो होता, आणि फोटो एवढा मोठा होता की आत तूरडाळ किती असेल याचा अंदाज बाहेरूनच येत होता.

"नाना, साहेबांची एक रांगोळी होऊन जाऊ दे. कोरोनायोद्धा म्हणून. फेसबुकवर टाकू."

नानांना साहेबांचं प्रेम नव्हतं. पण लॉकडाऊनमध्ये कुणीतरी बाहेरून येऊन त्यांना रांगोळीकार म्हणून काम सांगत होतं. ते हो म्हणाले.

काकी कोपऱ्यातून कडाडल्या. "त्या मेल्याच्या तोंडासाठी मी रंग कालवायची नाही. बायकांच्या संडासाला सहा वर्षं आतून कडी नाही. एका हाताने दार धरून बसायचं आम्ही. जा रे संतोष, साहेबांना सांग, आधी कडी लाव, मग तोंड रंगवतो."

"काकी, बजेट..."

"कडीला बजेट लागतं?"

संतोष पिशवी ठेवून गेला. नाना म्हणाले, "राहू दे. रंग मी कालवतो. गिरणीत काय तू कालवत होतीस?"

चार दिवस ते बसले. काकी गॅलरीत तांदूळ निवडत राहिल्या, आत बघायला तयार नाहीत. पाचव्या दिवशी मला हाक आली. मी स्टुलावर चढलो, फोन सरळ केला आणि थांबलो.

साहेब निळे होते. नाक, जिवणी, कपाळावरचा टिळा, सगळं हुबेहूब, पण जिथे जिथे सावलीचा तपकिरी हवा होता तिथे तिथे जांभळट निळा. साहेब बुडाले होते आणि तीन दिवसांनी वर आले होते.

"कसा वाटतो?" नानांनी विचारलं.

मी छापखान्यात प्रूफं तपासून पोट भरतो. काना-मात्रेची चूक दिसली तर मला रात्री झोप येत नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चार दिवस पंख्याविना गुडघ्यांवर बसलेला होता. मी म्हणालो, "छान," आणि फोटो संतोषला पाठवून दिला. मनात म्हटलं, तो बघेल आणि गुपचूप काढून टाकेल.

राजकारणी माणसांच्या अकलेबद्दल माझा अंदाज नेहमीच चुकतो. तासाभरात तो फोटो गावभर झाला. खाली ओळ होती: 'महामारीचं हलाहल पचवणारे आमचे नीलकंठ.' शेकडो लोकांनी हात जोडले. कुणीतरी वर चंद्रकोरही चिकटवली.

संध्याकाळी संतोष फाटकाच्या बांबूंपलीकडून ओरडला, "नाना! काय डोकं लढवलंत! निळा रंग! साहेब बेहद्द खूश!"

नाना गॅलरीत उभे होते. "निळो?" ते म्हणाले. रागावले किंवा घाबरले की ते मालवणीत जात. "मी निळो खय लावलंय?"

ते माझ्याकडे वळले. "तू चुका काढून जेवतोस ना रे? खरं सांग. निळा आहे?"

"आहे, नाना."

"किती?"

"बराच."

"गालाला पण?"

"गालालाच जास्त."

ते आत गेले, रांगोळीशी वाकले, एक चिमूट उचलून दारातल्या उजेडात धरली. जशी गिरणीत कापडाचा तुकडा धरत असतील तशी. बराच वेळ धरली. मग काकींना विचारलं, "तुका म्हायत होता?"

"तुमच्या डोळ्याचं? दोन वर्षं झाली." काकींचा आवाज नेहमीचाच होता. "त्या दिवाळीत तुम्ही कुणाच्या तरी ओठांना चॉकलेटी लावायला निघालात. मी वाटी सरकवली. तेव्हापासून ओळीने लावते. तुम्ही रंग बघून उचलत नाही. ओळ बघून उचलता."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर बसला असतात का खाली?"

नानांनी साहेबांना त्याच संध्याकाळी सुपात भरलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातला पंखा सुरू झाला. चाळीला तो आवाज सुतकासारखा वाटला. नाना खुर्चीत बसून भिंतीकडे बघत आणि कुणी ब्लाउजपीस आणला तर म्हणत, "मला विचारू नका, मी आंधळो." मधल्या काळात खूश झालेल्या साहेबांनी संडासाला कडी पाठवली. सोबत 'साहेबांच्या अथक प्रयत्नांतून' असा फलक आला. तो दाराहून रुंद होता, म्हणून लावायला जागा मिळेना. काकींनी कडी ठेवून घेतली आणि फलक पावसाळ्यासाठी पत्र्यावर टाकला.

दहा-बारा दिवसांनी काकींनी पंखा बंद केला आणि नानांच्या मांडीवर एक फोटो ठेवला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा, काळा-पांढरा, एका कोपऱ्यात शिक्का. त्यांच्या आईचा, गिरणीच्या पासावरचा.

"हिला काढा."

"तुझ्या आवशीक मी जावई म्हणून नको होतंय," नाना म्हणाले. "आता तिका माझ्या जमिनीर आणू?"

"आणा. ह्या फोटोत रंगच नाही. तुमचा डोळा धड असता तरी तुम्हाला कळला नसता. तो मला ठाऊक आहे."

"म्हणजे मी नुसतो हात?"

"आणि मी गेली दोन वर्षं कोण होते?"

नानांनी फोटोवर आणि जमिनीवर चौकटी आखायला घेतल्या.

पुढचे नऊ दिवस आमच्या मजल्याला दुसरी करमणूक लागली नाही. आतून सारखे आवाज येत.

"कपाळ?"

"दुसरी."

"गालाखालची सावली?"

"सहावी. पण हात आखडता घ्या. आई उन्हात फिरलेली नाही. जन्मभर खात्यात उभी होती."

"पाचवी नि सहावी मिसळू?"

"मिसळू नका. तुमच्या मिसळण्याने एक माणूस देव झाला."

नवव्या दिवशी चेहरा पुरा झाला. हाक आली म्हणून मी स्टूल घेऊन गेलो. काकी भिंतीला टेकून आईकडे बघत होत्या. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, मग रांगोळीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. साहेबांच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं. या वेळी मला कुणी विचारलं नाही.

"काय चुकलंय?" ते म्हणाले.

"रंग बरोबर आहे."

"मग?"

"तोंड मिटलेलं आहे. आई अशी गप्प कधी बसली?"

नानांनी जिवणी पुसली. दुपारभर खपून त्यांनी सासूचं तोंड उघडलं. वरचे दात, खालचा एक पडलेला, जिभेचं टोक. बाई कुणाला तरी खरमरीत सुनावत होती आणि कुणाला हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. काकी आधी हसल्या, मग पदर तोंडाशी नेऊन बराच वेळ तिथेच धरून राहिल्या. नाना गुडघ्यांवर बसल्या बसल्याच मागे सरकले, जरा घाईने.

तो फोटो प्रदर्शनवाल्या मित्रांना गेला. या वेळी अंगठे आले नाहीत, फोन आले. ही थोर स्त्री कोण, असं एकाने विचारलं. "माझी सासू," नाना म्हणाले. "वाइंडिंग खात्यातली."

त्या वर्षाच्या अखेरीस ऑपरेशन झालं. नाना गेले ते गेल्या वर्षी, दुपारी जेवून आडवे झाले असताना. कुणाला वाट वाकडी करायला न लावता केलेली त्यांची ती पहिलीच गोष्ट. पण मला ते आठवतात ते शाळेच्या हॉलमध्ये, प्रदर्शन पुन्हा सुरू झालं त्या दिवाळीतले. काकी दोरीच्या आत, स्टुलावर. संयोजकांनी आधी हरकत घेतली होती, एका फ्रेमला एकच कलाकार. नानांनी त्यांना सांगितलं होतं, "मग हिला बसवा, मी घरी जातो." पुढे आठ वाट्या मांडलेल्या. नानांच्या नव्या डोळ्यावर चष्मा. बाहेर माणसं रांगेने सरकतायत आणि नाना चिमूट वर धरून विचारतायत, "गो, हनुवटी?"

"आता दिसतं ना तुम्हाला?" काकी म्हणाल्या. "डोळा कशाला करून घेतलात मग?"

"कोण कोण बघायला आलंय ते बघायला. सांग लवकर, हात अवघडला."

काकींनी मान लांब करून आधी चेहरा बघितला, मग वाट्या.

"तिसरी," त्या म्हणाल्या. "नाही. थांबा. चौथी."