लेक नेमकं काय तपासते

"लेक काय करते?" असं कुणी विचारलं की भिंगरीची आई ठोकून द्यायची, "लॅबमध्ये असते. रक्त तपासते." रक्त कसलं नि काय! लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून भिंगरी नाव पडलेली ही पोर आता दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पुरुषांचं वीर्य तपासायची. पण आईला ते सांगायची चोरी.

एकदा लेक डबा विसरली, म्हणून आई तणतणत लॅबमध्ये पोचली. नको नको म्हणत तिने मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर नजर टाकलीच. "अगं बाई, कसे पळतायत! धडधाकट दिसतायत की."

"साध्या मायक्रोस्कोपखाली असंच वाटतं. आता इकडे बघ."

शेजारच्या मोठ्या यंत्राखाली त्यातलाच थेंब रंग देऊन ठेवला होता. पडद्यावर एकेका शुक्राणूचं डोकं बदामाएवढं, आणि कित्येकांत हिरवे ठिपके चमकत होते.

"आतला डीएनएचा धागा तुटलाय तिथे रंग चमकतो," भिंगरी म्हणाली. "शेपूट शाबूत म्हणून पळतात गं. पण बाळाला द्यायचं तेच फाटलंय."

"कुणाचे आहेत?"

"नाव आम्हाला कळत नाही. कळलं तरी सांगणार नाही."

आई डबा तिथेच ठेवून घरी आली.

त्याच आठवड्यात भिंगरीच्या मावशीकडे सगळे जेवायला जमले. "आमच्या पोराचा रिपोर्ट नॉर्मल आहे," मावशीने सुनेदेखत सांगून टाकलं. "मूल होत नाही म्हणजे दोष हिच्यातच. हिला आता माहेरी धाडतो." सून ताटं उचलत होती. तिचे हात तिथेच थांबले.

आईचं डोकंच फिरलं. "काय बघितलं त्या रिपोर्टात? पळतात एवढंच ना? पळणाऱ्यांचंही आत फाटलेलं असतं! माझी लेक वीर्य तपासते, वीर्य! आधी पोराला धाड तिच्या लॅबमध्ये!"

भिंगरीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

मावशीचा मुलगा मुकाट्याने तपासणी करून आला. डॉक्टरांनी सांगितलं ते त्याने घरी मावशीसमोर उभं राहून सांगितलं, "दोष माझ्यात आहे. उपचार मी घेणार. ही कुठेही जाणार नाही."

संध्याकाळी मावशीचा फोन आला, आवाज एकदम खाली. "हे कुणाला सांगू नकोस हं, बाई."

"तुझ्या पोराचं नाही सांगणार," आई म्हणाली. "माझ्या लेकीचं मात्र गावभर सांगणार."