गच्चीवरचा अरबी समुद्र

सांगावं की नाही, याचा विचार करता करता माझा चहा गार झाला. पण सासूबाई गावी गेल्यात, तेव्हा आत्ताच सांगून टाकते. आणि हसायचं ते हळू हसा, शेजारी ऐकू जातं!

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. बाळकुमला आम्ही नवीनच राहायला आलेलो. चिन्मय चार महिन्यांचा. आणि मी? मी बी.एस्सी., केमिस्ट्री! हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

माझे दीर सुहासभाऊजी समुद्रावरच्या हवेवर पीएच.डी. करत होते. एक दिवस आले ते पंपाची पेटी घेऊनच.

"वहिनी, पंधरा दिवस हे गच्चीवर ठेवतो. वारा आत खेचायचा आणि समुद्राकडून आलेले कण यातल्या कागदावर पकडायचे."

"कसले कण?" मी चिन्मयला पदराखाली घेतलं. घरात तान्हं मूल!

"समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात ना, त्यांच्यापासून नायट्रोजनचे पदार्थ हवेत जातात. अमोनियासारखे. ते बारीक कणांना चिकटतात. वाऱ्याबरोबर इथवर किती पोचतात, ते बघायचंय."

झालं! त्या क्षणापासून पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या बंद. चिन्मय नुसता शिंकला तरी मला वाटायचं, गेला अरबी समुद्र पोराच्या छातीत!

पण त्या पेटीचा एक गुण माझ्या ध्यानात आला. गणपती नुकतेच गेलेले, आभाळ भरलेलं, लंगोट वाळता वाळेनात. आणि इथे एक यंत्र दिवसभर फुकट वारा खेचतंय! माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली. पेटीच्या तोंडासमोर दोरी बांधली आणि चौदा लंगोट ओळीने टांगले. रोज. काय वाळायचे म्हणून सांगू!

पंधरा दिवसांनी भाऊजी संध्याकाळी, मी लंगोट काढून घेतल्यावर, आले आणि कागद घेऊन गेले; पेटी राहिली गच्चीवरच. आठवड्याने धापा टाकत परत.

"वहिनी, कमाल झाली! एवढा अमोनिया मला बोटीवरसुद्धा मिळाला नव्हता. परवा सरांसमोर मांडतोय." मग वहीचं पान उलटून, "पेटीजवळ दुसरं काही नव्हतं ना?"

खरं सांगते, तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे ती दोरी आली. भाऊजींची तीन वर्षांची मेहनत त्या दोरीवर लोंबत होती. कबूल करायचं की नाही? पण सासूबाई आतच भाजी निवडत होत्या हो! माझ्या तोंडून निघालं, "त्या मागच्या हिरामावशी बोंबील सुकवतात ना, त्यांचंच असणार."

मावशी कोळीण. बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? दहा मिनिटांत पदर खोचून थेट आमच्या गच्चीवर. मागून भाऊजी, त्यांच्यामागून सासूबाई, शेवटी चिन्मयला घेऊन मी.

"काय गो पोरी, माजे बोंबील तुज्या मशिनीत गेले?"

"वास येतो ना मावशी..."

"माजं अंगण उगवतीला. वारा येतो मावळतीकडून. मग माजा वास वाऱ्याच्या उलटा चालत आला काय गो?"

मी चिन्मयचं टोपडं नीट करू लागले. बी.एस्सी.सुद्धा तेच करू लागली.

मावशींनी गच्चीभर नजर फिरवली, दोरीवरचा एक लंगोट ओढला आणि नाकाला लावला. "अगो बाय! ह्याला तर पाणीच लागलं नाय!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नुसता शूने ओला झालेला लंगोट न धुता तसाच वाळत टाकायचा, ही माझी गुप्त पद्धत होती. त्या दिवसापर्यंत गुप्त. आणि शूतून अमोनिया सुटतो, हे केमिस्ट्रीवालीला कुणी सांगावं!

"वहिनी, न धुता?" भाऊजींचा आवाज फाटला.

"अहो, घरोघरी सगळ्याच करतात!"

"मी नाय करीत बा," मावशी म्हणाल्या.

"मीही कधी केलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजींनी खिशातून वही काढली, 'समुद्री जीव' या शब्दांवर काट मारली आणि चिन्मयकडे टक लावून बघत राहिले. त्याने त्याच क्षणी माझी साडी ओली केली.

सरांसमोर मांडायचं पुढे ढकललं. पेटी उचलून भाऊजींनी मावशींच्या घरावर नेऊन बसवली.

"अहो पण तिथे बोंबील आहेत!" मी ओरडले.

"असू देत वहिनी," भाऊजी जिन्यावरून म्हणाले. "ते निदान समुद्रातले तरी आहेत."