जिन्यावरचा पहारा

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि खोटं बोललात तर बघा म्हणून पोरांना दरडावलं. पण माझ्या हातून जे सगळ्यात मोठं खोटं झालं, ते मी पूर्ण शुद्धीत, घरच्यांच्या संमतीनं आणि अगदी चांगल्या मनानं केलं. त्या रविवारी मी जितकी घाबरले, तितकी पुढे स्वतःच्या बाळंतपणातही घाबरले नाही. आणि भीती होती दुसऱ्याच्या लेकीसाठी, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

साल एकोणनव्वद, नोव्हेंबर महिना. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. आमचं घर भंडाऱ्यात, विणकरांच्या मोहल्ल्यात. खाली बाबांचा कोशाच्या रेशमाचा माग आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत वर्षभरापासून चेकोस्लोव्हाकियाचं एक जोडपं राहत होतं. शहराबाहेर एक कारखाना उभा राहत होता, त्याच्या मशिनी त्यांच्या देशातून यायच्या होत्या आणि त्या बसवायला हा साहेब आला होता. त्याची बायको पन्नाशीला टेकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. मोहल्ला तिला 'वरची बाई' म्हणायचा. लग्नाआधी ती तिच्या गावी कापडाच्या गिरणीत कामाला होती. त्यामुळे बाबांचा माग सुरू झाला की ती खाली येऊन बसायची आणि धागा तुटला की बाबांच्या आधी तिचा हात पुढे जायचा. बाबा मागाला कुणालाच हात लावू देत नसत, मलासुद्धा नाही. तिला देत. याचा मला चांगलाच राग यायचा.

आमची बोली तिनं आईकडून उचलली होती. "मले चाय नोको," असं ती त्या गोऱ्या तोंडानं म्हणाली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाकी सगळं माझ्याशी इंग्रजीत, तेही मोडकंतोडकं. तिला एकच मुलगी होती, वीस वर्षांची, प्राग शहरात शिकणारी. तिची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी यायची आणि बाई ती मला थोडीथोडी इंग्रजी करून सांगायची. नवरा सोडला तर अख्ख्या भंडाऱ्यात तिची भाषा कळणारा एक माणूस नव्हता, तरी पत्र वाचताना ती आवाज खाली आणायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "सवय." तिच्या देशात चाळीस वर्षं कम्युनिस्टांचं राज्य होतं. कुणाची पत्रं कोण उघडतं, शेजारचा कुणाला काय कळवतो, हे तिथे कुणी विचारत नाही, सगळे धरूनच चालतात, असं तिनं मला सांगितलं होतं. मला तेव्हा ते सिनेमातलं वाटायचं.

रोज संध्याकाळी मी रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकून तिला सांगायची, हा आमचा नेम होता. तिचं इंग्रजी वेगानं बोलणाऱ्या माणसापुढे टिकायचं नाही. जूनमध्ये बीजिंगच्या चौकातल्या पोरांवर रणगाडे गेले, ते आम्ही सगळ्यांनी आमच्या टीव्हीवर बघितलं होतं. बाई तेव्हा म्हणाली होती, "रणगाडे आमच्याकडे पण आहेत." मग नोव्हेंबरात बर्लिनची भिंत फुटली. आमच्या समोरच्या खोलीत जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं नाही वाजवल्या. मी विचारलं, काहून, आनंद नाही झाला? ती म्हणाली, आता आमच्याकडची पोरं रस्त्यावर येतील, माझी पण येईल. मुलीच्या शेवटच्या पत्रात होतं की कॉलेजात सभा होताहेत आणि मला भीती वाटत नाही. बाईला त्याच वाक्याची भीती वाटत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेब मशिनीच्या पेट्या सोडवायला कलकत्त्याच्या बंदरावर गेला. बाई एकटी राहिली.

रविवारी सकाळी मी अंगणात रेडिओ लावला. खरखर फार होती. तेवढ्यात 'प्राग' हा शब्द ऐकू आला. शुक्रवारी विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी वाट अडवून पोरापोरींना बेदम मारलं आणि एक विद्यार्थी मरण पावल्याचं कळतं. मी रेडिओ बंद केला. नाव सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही, कारण मी पुढचं ऐकलंच नाही. लाखो पोरांच्या शहरात मेलेलं पोर नेमकं आपल्या ओळखीचंच असेल असं मला का वाटावं? पण वाटलं. नंतर पुन्हा लावून पाहिला, तर खरखरीशिवाय काही लागेना.

मी आईला सांगितलं. आई चुलीपुढे होती, तिथंच बसून राहिली. मग म्हणाली, "तिले काही सांगू नोको. आधी तिच्या पोटात चार घास जाऊ दे. मंग कोनाच्या घशाखाली घास उतरते?"

"आणि मग?"

"मंग तिचा नवरा येऊ दे. आपन परके. असं परक्यानं सांगू नये."

हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. माणूस गेलेला असला तरी तारेत 'तब्येत गंभीर, लवकर या' असंच असतं. आधी जेवू घालतात, मग पाठीवरून हात फिरवतात, मग थोडंथोडं सांगतात, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडत नाहीत. आम्ही सगळं तसंच केलं. बाबांनी साहेबाच्या लॉजवर तार केली. मी वर जाऊन, आमचा बिघडलाय, तुमचा द्या म्हणून तिचा रेडिओ घेऊन आले. पेपर आईनं तांदळाच्या कोठीमागे टाकला. आणि बाबांनी माग बंद ठेवला, कारण मयताची बातमी आलेल्या घरात माग चालत नाही.

शेजारी सांगावं लागलं नाही. तासाभरात दोन बायका आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. त्या उठल्या की दुसऱ्या दोघी. तिला एकाएकी बाहेरून कळलं आणि ती चक्कर येऊन पडली तर, म्हणून. ती बाजारात निघाली तेव्हा माझे काका सायकल हातात धरून वीस पावलं मागून गेले. ती थांबली की काका थांबायचे. काकांना वाटत होतं, आपण फार हुशारीनं करून राहिलो.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, कळलं वाटतं. पण ती सरळ बाबांकडे गेली.

"माग काहून बंद?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "धागा तुटला ना, बाई."

ती खाली बसली. तिनं चष्मा लावला आणि कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकेक धागा बोटानं तपासत गेली. आम्ही तिघं उभे. एकही धागा तुटलेला नव्हता. तिनं बाबांकडे बघितलं, मग आईकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. मी हसण्याचा प्रयत्न केला. आई ताट घेऊन पुढे आली, "जेवून घे, बाई." ती मागे सरकली. ताटाला घाबरलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ती जिन्यातल्या बायकांना ओलांडून वर गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आमच्यात कुजबुज सुरू झाली. आई म्हणत होती, तिच्या मनाले कळलं, आईचं मन हाय. थोड्या वेळानं जळक्या कागदाचा वास आला. मी धावत वर गेले, दार बडवलं. ती उघडेना. स्टोव्हवर काही लागलं असेल, कपड्यानं पेट घेतला असेल, तिनं स्वतःचंच काही बरंवाईट करून घेतलं असेल, असं नाही नाही ते माझ्या डोक्यात आलं. मी ओरडत राहिले. शेवटी तिनं कडी काढली.

फरशीवर लोखंडी पाटी होती आणि तिच्यात राख. एका अर्धवट जळलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर एक निळं अक्षर अजून दिसत होतं. मुलीची पत्रं होती ती. वर्षभराची, सगळी.

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "तुम्हाला कोणी सांगितलं?" तिनं विचारलं. "दूतावासानं? पोलिसांनी? माझा रेडिओ घेतला. बायका बसवल्या. माणूस मागे पाठवला. तुम्ही चांगले लोक. तुम्हाला काय धमकी दिली?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमची माया तिला पहारा वाटली होती. पोलीस आता वर येतील, पत्रं नेतील आणि त्यांतल्या ओळींवरून तिकडे पोरीला धरतील, म्हणून तिनं ती जाळली होती. आणि माझ्या मते ती पोरगी मेलेली होती. म्हणजे मेलेल्या मुलीचं हस्ताक्षर होतं तेवढंही आता राहिलं नव्हतं, आणि ते आमच्यामुळे. मी तिथंच राखेपाशी बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं, आधी जेवू घालायची आमची रीतसुद्धा. जेवण नाही, पाठीवर हात नाही, नवरा नाही. एक विद्यार्थी मेला, नाव माहीत नाही.

ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती वाजता ऐकलं?"

"सकाळी साडेआठला."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते. मला तिनं चार कानशिलात मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी नागपूरला निघालो. तिथल्या तारघरातून प्रागला तिच्या बहिणीच्या घरी फोन लागण्याची शक्यता होती, मुलगी तिथेच राहायची. निघण्याआधी मी रेडिओ कानाला लावला आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. विद्यार्थी मेल्याची बातमी खोटी निघाली होती. कुणीही मेलं नव्हतं. मी अक्षरशः नाचत तिच्याकडे गेले. "कोणी मेलं नाही! चूक होती! सगळे जिवंत आहेत!"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आधी जेवायचं आहे का?"

साठ किलोमीटर मी तिच्या शेजारी बसून शपथा घेतल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि तो का नव्हता हे मला पुरतं कळत होतं. नागपूर जवळ येऊ लागलं तशी माझीच खात्री डळमळायला लागली. काल चुकीची बातमी दिली त्याच रेडिओची आजची तरी खरी कशावरून? आणि मेलं कुणी नसलं तरी मारलं होतंच की. दवाखान्यात असेल, तुरुंगात असेल. तारघरात आम्ही बाकावर चार तास बसलो. नावाचा पुकारा झाला तेव्हा तिला उठताच येईना. मी तिला हाताला धरून काचेच्या खोलीपर्यंत नेलं आणि दार लावून बाहेर उभी राहिले.

आतून ती दोनदा ओरडली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मी डोळे मिटून घेतले. बाहेर आली तेव्हा तिनं आमच्याच बोलीत सांगितलं, "जिती हाय. हात मोडला. जिती हाय." तारघरातल्या चार अनोळखी माणसांसमोर मी भोकाड पसरलं.

पुढच्या महिन्याभरात सगळं उलटलं. रोज संध्याकाळी आमच्या समोरच्या खोलीत मोहल्ला जमायचा. टीव्हीवर प्रागचा चौक दिसायचा, लाखो माणसं थंडीत उभी, आणि तुमची वेळ संपली, घरी जा, असं सरकारला सांगायला सगळ्यांनी खिशातल्या किल्ल्या काढून डोक्यावर वाजवायला घेतलेल्या. एक गोळी सुटली नाही. सरकार गेलं. कलकत्त्याहून परतलेला साहेब मोठ्यानं हसत होता. आईनं पेढे मागवले. बाई मात्र पडद्यावर दिसणारे पोलीस मोजायची, आज किती, काल किती, आणि मीही तिच्याबरोबर मोजायला लागले होते. सरकार गेल्याचं सांगितलं त्या दिवशीही मला वाटत होतं, आता मागून रणगाडे येतील.

लोक घरी गेल्यावर ती बसून राहिली. तारघरातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. त्या संध्याकाळी मात्र तिनं मला जवळ बोलावलं.

"फोनवर मी मुलीला पहिलं काय सांगितलं, माहीत आहे?" ती म्हणाली. "कशी आहेस हे नाही विचारलं. सांगितलं, तुझी पत्रं मी जाळली."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आई, जाळायला तुला कोणी सांगितलं होतं?"

आवाज तिनं पुन्हा खाली आणला होता.

"मी आठवून बघितलं. कोणीच सांगितलं नव्हतं."