काकवीचं रक्त

मंदाताई बोरकरांनी मला पहिल्यांदा मारलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, गळ्यावर वाटीभर काकवी ओतून. लग्न होऊन प्रताप नगरात येऊन मला महिनाही झाला नव्हता. कुंपणाच्या भिंतीवरून एक अंबाडा आणि जाड भिंगांचा चष्मा वर आला. "नवी ना वं तू? जराशी मरते का? चहा मांडला हाये." शेजारीण नव्या सुनेला माहेर विचारते, भाजी कोणती केली ते विचारते. ही बाई मरते का म्हणून विचारत होती! मी गेले. घरी बसून तरी कोणता उजेड पाडणार होते?

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सकाळची पाळी संपवून आल्या की पदर खोचायच्या, खिडक्यांवर काळी घोंगडी टांगायच्या आणि भुतं करायला बसायच्या. भावानं दिलेला जुना कॅमेरा, लोखंडी टोकांच्या तीन पायांचा त्याचा लाकडी स्टँड, एक टॉर्च आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली फिल्म. बाकी सगळं घरचं. धोतर नीळ देऊन पांघरलं की हडळ. तव्याची काजळी डोळ्यांखाली फासली की प्रेत. नवऱ्याच्या डोक्याला काळं फडकं गुंडाळून काळ्या घोंगडीसमोर बसवलं की मुंडकं गायब. बोरकरभाऊ बिचारे हातात पेपर धरून बिनमुंडक्याचे बसून राहायचे. "असेच बरे दिसता तुम्ही," ताई म्हणायच्या, आणि फडक्याच्या आतून भाऊ खुसखुसायचे.

कुंकवाचं पाणी का नाही घेत, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुंकू फोटोत फिकं येते वं. काकवी पाह्य कशी काळीभोर उतरते." काकवीला मुंग्या लागायच्या. त्या मानेवरून कानात शिरल्या तरी हलायची सोय नव्हती. चुकून पापणी लवली की ताई उखडायच्या. "मेलेलं माणूस पापण्या हालवते का वं? नीट मर! फिल्म का झाडाले लागली हाये?" मग मला हसू फुटायचं आणि ते मढं पोट धरून फरशीवर लोळायचं. उन्हाळ्यात फोटो धुवायच्या औषधाचं पाणी तापून फोटो बिघडायचे, म्हणून ताई ते माठाशेजारी ओल्या पोत्यात ठेवायच्या. बाथरूममधल्या लाल दिव्याखाली थाळीतल्या कागदावर माझंच प्रेत हळूहळू वर यायचं. ते बघताना ताई पुटपुटायच्या, "लोकायले भुताचं भेव नाही वाटत, सिंधू. घरातल्या वस्तूचं वाटते. भूत घरच्याच सामानाचं करावं."

हे त्यांना कळलं होतं की नुसतं तोंडात आलं होतं, देव जाणे. मला मात्र ते अंगाला लागलं होतं. माझा नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात होता. त्याचं नाव मी घेणार नाही, त्याची तेवढी लायकी नाही. घरातल्या कुठल्या वस्तूनं कसं लागतं हे मला त्यानं शिकवलं. पट्टा, चिमटा, पाटा-वरवंट्याच्या खोलीचं दार. दार उघडायला उशीर झाला म्हणून मार, लवकर उघडलं तर कोणाची वाट पाहत होतीस म्हणून मार. माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, सोसून घे. सोसत होते. दुपारी ताईंकडे जाऊन मरायचं आणि खदाखदा हसायचं, एवढंच काय ते सुख.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत ताईंच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. मांडवात मधोमध मी, गळा चिरलेली, डोळे सताड उघडे. पाहुणे म्हणून आपल्या ठाण्याचे फौजदार आले होते. ते माझ्या प्रेतासमोरून हलेचनात. "ताई, तुम्ही तर मले इथंच पंचनामा कराले लावता!" म्हणून त्यांनी ताईंच्या हाती नारळ दिला. सगळा मांडव हसला. माझा नवराही हसला. घरी आल्यावर म्हणाला, "मेलेली चांगली दिसतेस."

दिवाळीनंतर ताईंना गळा दाबलेली बाई हवी होती. बोटं काजळीत बुडवून त्यांनी माझ्या मानेवरचा पदर बाजूला केला आणि थांबल्या. वळ तिथं आधीच होते. त्यांनी आपली काळी बोटं त्या वळांवर एकेक करून टेकवून पाहिली. वळ लांब होते, रुंद होते. "हा हात माहा नाही," त्या म्हणाल्या. मी रडायला लागले. त्यांनी घोंगडी खसकन ओढून खाली पाडली, खिडक्या उघडल्या, मला उजेडात बसवलं. काजळी नाही, काकवी नाही. मान, पाठ, दंड. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट मर म्हटलं नाही.

ते फोटो घेऊन आम्ही दोघी ठाण्यात गेलो. फौजदारांनी पहिला फोटो पाहिला आणि खुशीत आले. "काय ताई, यावेळी काकवी कमी पडली काय?" ताई ओरडल्या, टेबलावर हात आपटला. मी पदर काढून मान दाखवली. "रंग मस्त जमला," ते म्हणाले. एवढ्यावर थांबते तर ठीक. पण त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून, बायकोचं नाटकाचं वेड आवरा असं सांगत ते फोटोंचं पाकीट त्याच्याच हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच घरी आला. एकेक फोटो चुरगाळून त्यानं माझ्या तोंडात कोंबला आणि केसांना धरून माझं कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा नाही. कुंपणाच्या भिंतीवरून ताई कशा आल्या ते मी पाहिलं नाही. फक्त स्टँड हवेत गेलेला दिसला. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो आडवा पडला तरी ताई मारतच होत्या आणि दर घावाला त्याला विचारत होत्या, "जमला का रंग? जमला का?" बोरकरभाऊंनी मागून मिठी मारून त्यांना आवरलं.

मग माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. डोळ्यांत रक्त उतरलं होतं, झोप येत होती. ताई माझ्या गालावर चापट्या मारत होत्या. "पापण्या हालव वं! सिंधू, हालव पापण्या! माह्यासाठी हालव!" त्यांच्या आवाजानं मी हालवल्या.

कोणीतरी फौजदारांना बोलावून आणलं. ते दारातच उभे राहिले. फरशीवरचं थारोळं पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर तोच संशय मला दिसला. ताईंनी रक्तात बोट बुडवून त्यांच्यापुढे धरलं.

"चाटून पाहा साहेब. गोड लागलं तर माही काकवी."

फौजदारांनी टोपी काढली. माझ्या नवऱ्याला त्यांनीच बखोट धरून उचललं. त्याला सजा झाली, मी सुटले. ताईंवरही मारहाणीची केस झाली, ती त्यांनी मान वर करून झेलली. मला त्यांनी टेलिफोन खात्यात चिकटवलं. स्टँडचा एक पाय टोकाशी मोडून कायमचा आखूड झाला होता. त्याच्याखाली ताई विटेचा तुकडा ठेवायच्या आणि कॉलनीतल्या पोराबाळांच्या वाढदिवसांचे फोटो काढायच्या. भूत पुन्हा केलं नाही.

काही वर्षांनी भर मे महिन्यात ताई गेल्या, हृदयविकारानं, ड्युटीवरून घरी येताच. भाऊंनी त्यांना त्याच फरशीवर निजवलं होतं, जिथं मी दुपार-दुपार मरून पडायचे. मी जवळ बसले. नाकाजवळून एक मुंगी चालत गेली. मी त्यांच्या पापण्यांकडे टक लावून बसले होते, मला वाटत होतं आत्ता हसू फुटेल. "ताई, हालवा ना," मी म्हणाले. नाही हालवल्या. त्या बाईला कामात हयगय चालतच नसे.