गायीला नाव होतं

अल बर्शाच्या बागेत रोज संध्याकाळी माझ्या बाकावर एक अमेरिकन आजी येऊन बसायची. माझ्यासारखीच परदेशात लेकीकडे आलेली. मांडीवर जुन्या मृत्युपत्रांच्या प्रती, हातात भिंग, आणि वाचताना ओठ हलायचे. अमेरिकेत पहिल्यांदा उतरलेल्या तिच्या पूर्वजाची बायको कोण, हे ती शोधत होती.

“हे बघ,” एकदा ती म्हणाली, “गायीचं नाव लिहिलंय. बायको मात्र नुसतीच ‘माझी पत्नी’.”

मी हसले, मग माझंच आठवलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा नटीसारखं नाव मिळालं म्हणून मी येडी गावभर मिरवले होते.

“मग सापडणार कशी गं?” मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

तिने साक्षीदारांच्या सह्यांवर भिंग धरलं. “हा बहुधा तिचा भाऊ. त्याच्या घरच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मागवल्यात, चर्चमध्ये मुलींचीही नावं लिहीत. सापडेल.”

घरी येऊन मी नातीला वही आणायला लावली. माझं माहेरचं नाव ऐकून ती म्हणाली, “आजी, यू हॅड अनदर नेम?”

“होती एक आगाऊ मुलगी त्या नावाची. लिही.”