एकेचाळीस ठिपक्यांचा चेहरा

दिनांक नऊ मार्च, सोमवार. आगाऊ रक्कम दोनशे रुपये. हजर चौघे: मी, दुकानाच्या दारात मटार सोलत बसलेली माझी बायको, सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून आलेला पंचविशीचा तरुण आणि त्याची आई. काम: तीन बाय चार फुटांचा श्रद्धांजलीचा बॅनर, शनिवारच्या आत.

जव्हारला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रमाणपत्रं आणि बॅनर. बॅनर मी इथे छापत नाही. इथे फक्त मांडणी करतो आणि फाइल नाशिकच्या प्रेसला पाठवतो. छापलेली गुंडाळी मोखाड्याच्या रस्त्याने येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडे येते.

बॅनर त्या तरुणाच्या बहिणीचा होता. दिवाळीनंतर दोघं भाऊबहीण भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. आई म्हातारी, ती शेळ्या राखायला पाड्यावर राहिली. भट्टीवर मुलीला ताप आला आणि ती गेली. मयत घरी आणायला गाडीवाला जे मागत होता ते भावाकडे नव्हतं, म्हणून सगळं तिकडेच उरकलं. शनिवारी पाड्यावर तिचे दिवस घालायचे होते. पूर्वी दिवसांना फोटो कोणी लावत नसे. नातलग जमायचे, भगत नाव घ्यायचा, जेवण व्हायचं. गेल्या काही वर्षांत पाड्याच्या तोंडाशी बॅनर लागायला लागला आहे आणि आता तो नसेल तर लोक विचारतात.

पण आईला बॅनर लोकांसाठी नको होता. ती स्टुलाच्या कडेला बसली होती आणि तिने पहिल्यांदाच मान वर करून सांगितलं, “भाऊ, पोरीचा तोंड बघायचा राहिला माझा. तेवढा मोठा करून दे.”

मी म्हटलं, फोटो दाखवा. तिने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक आधार कार्ड. त्यावरचा फोटो मुलगी आठ-नऊ वर्षांची असतानाचा, नंतर कधी बदललेला नाही. दुसरं बँकेचं पासबुक. त्यात बऱ्यापैकी अलीकडचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता, पण त्यावर जांभळा गोल शिक्का मारला होता आणि तो बरोबर उजव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत उतरला होता. शाईही पसरलेली होती.

तिसरा फोटो भावाच्या मोबाइलमध्ये होता. कोणाच्या तरी हळदीचा. पुढे दहा-बारा बायका, मागच्या रांगेत ती, कोणाचा तरी वर केलेला हात तिच्या हनुवटीवरून गेलेला. हा फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आला होता.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि कोणी मनावर घेत नाही. फोटो पाठवायचा असेल तर तो फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नाहीतर प्रत्येक वेळी तो आकसतो आणि जे एकदा गेलं ते परत येत नाही. फोटो म्हणजे ठिपके. जेवढे ठिपके तेवढं माणूस. मी तो हळदीचा फोटो उघडून तिच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली. रुंदी एकेचाळीस ठिपके, उंची बावन्न. बॅनरवर चेहरा निदान दीड फूट तरी हवा. एकेचाळीस ठिपके दीड फुटावर ताणले की प्रत्येक ठिपका बोटाएवढा जाड चौकोन होतो आणि समोर उरते एक तपकिरी फरशी.

मी भावाला विचारलं, दुसरा कुठलाच फोटो नाही का? दिवाळीत काढला असशील.

तो म्हणाला की पुष्कळ काढले होते, पण जुन्या मोबाइलमध्ये. तो पाण्यात पडून बंद झाला म्हणून घरी ठेवून भट्टीवर गेला होता. मी म्हटलं, मग आण तो. स्क्रीन गेली तरी आतले फोटो बहुतेक वेळा निघतात, इथेच बाजारात एकजण काढून देतो.

 आई बोलली. “तो मी हांडेवाल्याला दिला.”

आमच्या भागात गाडीवर भोंगा लावून भांडी विकणारे फिरतात. बंद पडलेले मोबाइल, बायकांचे गळलेले केस, मोडकी भांडी घेतात आणि बदल्यात प्लास्टिकची बादली किंवा टब देतात. माघात तो पाड्यावर आला होता. उन्हाळा तोंडावर, सूर्यमाळला पाण्याचे हाल, टँकर आला की साठवायला घरात काही नव्हतं. मुलगी तेव्हा भट्टीवर धडधाकट होती. आईने बंद मोबाइल देऊन मोठा निळा टब घेतला.

“बंद झाला म्हणजे गेलाच असा वाटला,” ती म्हणाली. “टब चांगला हाय.”

मुलगा दाराबाहेर बघत होता. त्याने आईला तेव्हाही बोल लावला नव्हता असं दिसलं आणि आताही लावला नाही. मटार सोलणारे हात थांबले होते ते पुन्हा चालू झाले. मी पावती फाडली, बुधवारी या म्हटलं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर होता, वीस बाय दहाचा, शुभेच्छुक बत्तीस. त्या बत्तीस जणांचे फोटो असे आले होते की एकेकाच्या मिशीचे केस मोजता यावेत. त्यात कोणाचं डोकं किती मोठं, कोणाच्या वर कोण, यावरून तीनदा फोन आले. एकाचं म्हणणं, त्याचा गॉगल फोटोत नीट दिसत नाही. बायको म्हणाली, “सगळ्यांना गॉगलच लावा, एकच तोंड बत्तीसदा छापलं तरी चालेल.” मी हसलो. हसून झाल्यावर मंगळवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढलं आणि पासबुकाचा फोटो स्कॅन केला.

स्कॅन करायचा तर बाराशेवर करावा, म्हणजे इंचाला बाराशे ठिपके, निदान एकदा तरी. शिक्क्याची शाई जांभळी असली की काम थोडं सोपं होतं, कारण रंग वेगळे काढून बघता येतात आणि जांभळा लाल थरात फिका पडतो. तसा तो पडला. त्याच्या खाली गालाची कडा दिसायला लागली, पण डोळा आला नाही. ओल्या शाईने वरचा थरच सोलला होता. तिथे शाईखाली फोटो नव्हता, पांढरा कागद होता.

अशा वेळी आम्ही डीटीपीवाले एक युक्ती करतो. चेहऱ्याची चांगली बाजू उचलायची, उलटी करायची, खराब बाजूवर बसवायची, मधली शिवण पुसून टाकायची. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. मी ते केलं. डाव्या डोळ्याचा उजवा डोळा केला. हळदीच्या फोटोतून हनुवटीचा अंदाज घेतला. नाकाच्या सावल्या हाताने भरल्या. दुपारी जेवायला उठलो नाही. संध्याकाळी पडद्यावर एक मुलगी होती, नीटनेटकी, दोन्ही बाजू सारख्या. मला ती बरी वाटली नाही, पण का ते सांगता येईना.

घरी भाकरी खाताना मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक आहे का ते बघतोय. ती म्हणाली, “चोवीस वर्षांनी आज बघायला निघालात?” आणि ताट उचलून गेली. तिचा उजवा बारीक आहे. मला ठाऊक नव्हतं.

बुधवारी दोघं आली. मी आईला माझ्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे पडदा सरळ दिसेल. पडदा तिरका बघितला तर रंग बदलतात. गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवताना हे लक्षात ठेवावं लागतं. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “नाय. ही माझी पोर नाय.”

मी विचारलं, काय चुकलंय?

“ठाव नाय. पण ही नाय.”

मी म्हटलं, बाय, मला सांग, मी बदलतो. नाक कसं होतं? ती म्हणाली, नाकासारखं. डोळे? एक जरा मिटल्यासारखा असायचा, पण कुठला ते तिला सांगता येईना. तिने स्वतःच्या दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने हात ठेवून बघितले. मग ती मुलीबद्दल बोलायला लागली. हंडा डोक्यावर असला की ती मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बघायची. नाचणी लावताना सगळ्यांच्या पुढे असायची. हसताना पदर तोंडावर घ्यायची, म्हणून तिचे दात कोणी फारसे बघितले नव्हते. यातलं काहीच माझ्या उपयोगाचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं, पण तोंड कसं होतं?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला काही समजतच नाही. “कसा म्हणजे? तिच्यासारखा.”

मी डावा डोळा थोडा बारीक केला. मग तो पूर्ववत करून उजवा केला. भुवया खाली घेतल्या. जबडा अर्ध्या बोटाने रुंद केला. दर वेळी ती मान हलवायची. तासाभराने एक वेळ अशी आली की ती थांबली, पुढे वाकली, मला वाटलं जमलं. ती म्हणाली, “आता मलाच आठवत नाय.”

मी माउस सोडून दिला. इतकी तोंडं दाखवून दाखवून तिच्याकडे जे होतं तेही मी पुसत होतो. हे कळायला मला तासभर लागायला नको होता, पण लागला. पडदा बंद केला. बायकोने तिला पाणी दिलं.

भाऊ एवढा वेळ बाहेर बाकावर मोबाइल घेऊन बसला होता. त्याने पासबुकाचा फोटो भट्टीवरच्या मित्राला पाठवला होता. मित्राच्या मोबाइलमध्ये एक अॅप आहे, फाटका-तुटका कसाही फोटो दिला तरी साफ करून देतं. चहा यायच्या आधी उत्तर आलं. भावाने मला मोबाइल दाखवला.

चेहरा स्वच्छ होता. पापण्यांचे केस वेगवेगळे दिसत होते. रंग दोन-तीन छटा उजळ, ओठ गुलाबी, कपाळावरची टिकली गायब. मी मोठा करून बघितला, हजार ठिपक्यांच्या वर रुंदी होती. छापायला काहीच अडचण नव्हती.

मी त्याला सांगितलं की ही तुझी बहीण नाही. मशिनने पुष्कळ बायकांची तोंडं बघून एक तयार केलं आहे.

“मला दिसतं ना शेठ,” तो म्हणाला. “मी शेवटपर्यंत तिच्याजवळ होतो. पण तुमचापण तिचा नाय ना.”

 मी म्हटलं, फोटोशिवाय करू. नाव मोठं टाकू, बाजूला समई, चांगलं दिसेल. तो म्हणाला की मागच्या महिन्यात पाड्यावर एका म्हाताऱ्याचा बॅनर लागला, त्यावर फोटो होता. हिच्यावर नसला तर लोक म्हणतील, भावाने बहिणीचा एक फोटोपण ठेवला नाय. मग त्याने मोबाइल आईसमोर धरला.

तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “कोणाची पोर हाय?” तिने विचारलं. “चांगली हाय.”

मुलगा खाली बसला आणि तिला त्यांच्या बोलीत काहीतरी समजावून सांगू लागला. मला सगळं कळलं नाही. लोक, जेवण, शनिवार एवढे शब्द कळले. ती ऐकत राहिली. मग मोबाइल माझ्याकडे देत म्हणाली, “लाव. लोकांना काय तरी दिसला पायजे. मी खालती बघेन.”

त्यानंतर जे उरलं ते नेहमीचं काम. त्वचेचा रंग फ्लेक्सवर लालसर आणि गडद येतो म्हणून तो आधीच फिका करावा लागतो. इथे करावा लागला नाही, मुळातच फिका होता. चारी बाजूंनी दोन इंच मोकळे सोडले, कारण दोरी ओवायच्या रिंगा मारताना कडेची अक्षरं भोकात जातात. अक्षरांची चित्रं करून टाकली, नाहीतर नाशिकच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की मराठीच्या जागी चौकोन छापून येतात. नाव, जन्माचं साल, गेल्याची तारीख. तारीख भावाकडून दोनदा वाचून घेतली. “शोकाकुल” याखाली कोणाची नावं टाकायची विचारलं, तेव्हा आई म्हणाली, पोराचं टाक, माझं राहू दे.

शुक्रवारी दुपारी गुंडाळी जीपने आली. मी दुकानाच्या लादीवर उघडून बघितली, रिंगा मोजल्या, सहा होत्या. त्या चेहऱ्याकडे मी जास्त बघितलं नाही. छपाई मात्र निर्दोष होती, अशी माझ्या फाइलवरून क्वचितच निघते. भाऊ एकटा न्यायला आला. म्हातारी आली नव्हती.

हिशोब असा झाला. छपाई बारा चौरस फूट, पंचवीसने तीनशे. मांडणीचे नेहमी दीडशे. त्यातले अक्षरांचे पन्नास लावले, चेहऱ्याचे शंभर लावले नाहीत, कारण चेहरा मी केला नव्हता. एकूण साडेतीनशे, आगाऊ दोनशे वजा जाता भावाने मला दीडशे दिले. त्या साडेतीनशेतून नाशिकच्या प्रेसला एकशे चव्वेचाळीस पाठवले आणि जीपच्या ड्रायव्हरला आणणावळीचे तीस रुपये दिले.