वाकडा नमस्कार

मनगट मोडलं त्या दिवसापासून मी बाळकृष्णाशी बोलणं टाकलं होतं. ती एवढीशी पितळी मूर्ती पुण्याहून मुळशीला येताना मी साड्यांच्या घडीत जपून आणली होती. वैधव्यानंतर नर्स झाले ती त्याच्याच भरवशावर, आणि ऐन वेळी त्यानंच मला वाऱ्यावर सोडलं. रुसलेच होते म्हणा ना.

धरणाच्या कामावरच्या दवाखान्यात मी होते. एका सकाळी एक धनगर आपल्या लहानग्याला खांद्यावर घेऊन आला. पायाची जखम चिघळलेली आणि तिच्यावर देवाच्या भंडाऱ्याचा, म्हणजे हळदीचा, जाड थर. मुलाचा जबडा आवळला होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "धनुर्वात. उशीर झाला." तरी मी कोमट पाण्यानं जखम धुतली. पिवळं पाणी परातीत उतरत होतं आणि बाप त्या पाण्याकडे एकटक बघत होता. दुपारी मूल गेलं.

"देवाचा भंडारा धुतलास, म्हून माजं पोर गेलं!" तो ओरडला. "रान पाण्याखाली घालताय, आता पोर बी घेतलंत!" त्याची काठी माझ्या उजव्या मनगटावर बसली. कंपाउंडर आत पळाला. दुसरा घाव माझ्यावर पडलाच नाही. औषधाला आलेली एक म्हातारी मध्ये शिरली, तिनं आपलं घोंगडं माझ्यावर टाकलं आणि तो घाव तिच्या पाठीवर बसला. "मारू नगंस तिला," ती कळवळत म्हणाली, "तुज्या पोराचा पाय तिनं आईवानी धुतलाय. म्या बगितलंय." काठी गळून पडली. तो माणूस मटकन बसला आणि असा रडला, की मला माझं दुखणं आठवेना.

त्या गडबडीत म्हातारी निघून गेली. कुणी ती चांद्याची म्हणालं, कुणी लवळ्याची. दोन्ही गावांत विचारलं, पण कुणाला ती ठाऊक नव्हती. घोंगडं तेवढं माझ्यापाशी राहिलं. हात बांधलेला, मनात भीती. कुणी मोठ्यानं बोललं तरी मी दचकत असे. आता पेशंटला हात लावायचा नाही असं ठरवून मी ट्रंक भरली.

निघायच्या दिवशीच त्या धनगराची बायको धाकट्या मुलीला घेऊन आली. मुलीचा पाय भाजला होता. बाप फाटकाबाहेरच मान खाली घालून उभा होता. त्याला पाहून मी दाराआड सरले. बाई म्हणाली, "भंडारा लावला न्हाई, बाई. तुमी रागवाल म्हून."

मी त्यांना भीत होते आणि तेही मला भीत होते.

"आणलायस का?" मी विचारलं. तिनं पदराची गाठ सोडली. मी डाव्या हातानं जखम धुतली, तिच्या मदतीनं पट्टी बांधली आणि चिमूटभर भंडारा मुलीच्या कपाळी लावला. मग बापाला हाक मारली, "आत या." तो आला आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिला. त्याचं पोर काही परत येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी ट्रंक उघडून मी बाळकृष्णाला डाव्या हातानं आंघोळ घातली. म्हातारी कोण होती, मला ठाऊक नाही. मी ज्याच्यावर रुसले होते, त्यानंच पाठ पुढे केली असं मला वाटतं. जखम धुणं माझं, पुढचं त्याचं, एवढंच मी आता धरून आहे. मनगट वाकडं जुळलं, त्यामुळे तळवे नीट मिळत नाहीत. नमस्कार वाकडाच होतो. तो तसाच घेतो.